फाट्यावरचे उंट आणि पडलेले पाइप : आमच्या ग्रामपंचायतीला खुले पत्र

प्रति,
सरपंचताई, उपसरपंच व सर्व सदस्य, ग्रामपंचायत,
तसेच १ मेच्या ग्रामसभेला येणारे आणि नेहमीप्रमाणे न येणारे गावकरी

सप्रेम नमस्कार.

फाट्याच्या सुशोभीकरणाचा विषय १ मेच्या ग्रामसभेत मंजुरीला येतो आहे. एजन्सीने दिलेलं चित्र गावाच्या ग्रुपवर सगळ्यांनी पाहिलं. वाळूच्या दोन टेकड्या, त्यावरून चाललेले तीन उंट, बाजूला खजुराचं झाड, पुढे गावाचं नाव आणि लाल बदाम. सगळं फायबरचं, रात्री आतून दिवे. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'डेझर्ट थीम' लिहिलं आहे. म्हणजे एजन्सीकडे बाकीच्याही थीम असणार. आपल्या वाट्याला ही का आली, तर उपसरपंच म्हणाले तसं, "आपल्याकडं ऊन लय तपते ना, मंग मॅच होते."

फाट्यावर शिल्प उभं राहायला माझा विरोध नाही. उलट मला ते हवंच आहे. हे आधीच लिहून ठेवतो, कारण ग्रुपवर मी दोन ओळी लिहिल्या तर लगेच उत्तर आलं की याला गावाचा विकास पाहवत नाही. माझं फाट्यावर वेल्डिंगचं दुकान आहे, ते तुम्हाला माहीत आहे. त्याआधी मी नागपूरला चित्रकला शिकलो, हे फार जणांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते खिडकीची जाळी टाकायला आले की त्यावरून चिडवतात. या विषयात मात्र दोन्ही कामं थोडीथोडी उपयोगी पडतात.

आधी दुकानदार म्हणून बोलतो. फायबर म्हणजे काचेच्या धाग्याची चटई आणि त्यावर चोपडलेलं रेझिन. वरचा चकचकीत थर जेमतेम नखाच्या जाडीचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५-४६ अंशांचं ऊन त्यावर दिवसभर पडतं. दोन-तीन उन्हाळ्यांत रंग उडतो, हात फिरवला की पांढरी भुकटी लागते. मग थर तडकतो, आतले काचेचे धागे वर येतात आणि लेकरू त्यावर चढलं की मांडीला खाज सुटते. शेजारच्या तालुक्यात एका फाट्यावर असाच फायबरचा वाघ आहे. वावधानात त्याचं शेपूट तुटलं, ते जोडायला मला बोलावलं होतं. पोटाचा तुकडा काढून आत हात घातला, तर आत लोखंडी सांगाडा गंजलेला, रंग फक्त जिथवर हात पोहोचतो तिथवर मारलेला, आणि मागच्या पायात गांधील माश्यांचं घर. काम अर्धवट टाकून पळालो. त्या वाघाला आज शेपटाच्या जागी माझी दीड इंची पाइप आहे.

आता दुसरं बोलतो. वाळवंटावरून सुचलेली मोठी शिल्पं जगात आहेत, आणि फार चांगली आहेत. पण मला माहीत आहेत त्यांत एकही उंट नाही.

अमेरिकेत युटा नावाचं राज्य आहे. तिथे खाऱ्या पाण्याचं एक मोठं सरोवर आहे, ग्रेट सॉल्ट लेक. त्याच्या काठावर रॉबर्ट स्मिथसन नावाच्या कलाकाराने १९७० साली 'स्पायरल जेट्टी' केली. म्हणजे काय केलं, तर दोन डंपर, एक ट्रॅक्टर आणि एक मोठा लोडर लावून काठावरचा काळा दगड आणि माती पाण्यात टाकत नेली. सुमारे १,५०० फूट लांब आणि १५ फूट रुंद असा रस्ता, शंखासारखा आत वळत गेलेला आणि कुठेही न पोहोचणारा. (आपल्या काही पांदण रस्त्यांचंही तेच झालं आहे, पण त्यांची बिलं वेगळ्या नावाने निघाली.) तो काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, आपल्या गिट्टी खदानीत निघतो त्याच जातीचा. दोन-एक वर्षांत सरोवराचं पाणी चढलं आणि ते काम बुडालं. जवळपास तीस वर्षं पाण्याखाली राहिलं. पाणी ओसरलं तेव्हा काळ्या दगडावर पांढरं मीठ चढलेलं होतं. आता पाणी आणखी मागे गेलं आहे. कोणी त्याला रंग दिला नाही, दिवे लावले नाहीत. त्या जागेत जे होतं, दगड, मीठ आणि पाण्याची चढउतार, तेच त्याचं सामान आणि तेच त्याचं रंगकाम.

आपण खारपाण पट्ट्यातली माणसं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाण्यात पसरलेला हा पट्टा. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते ढोरंसुद्धा तोंडात घेत नाहीत. उन्हाळ्यात बांधाच्या खालच्या अंगाला पांढरी खार फुलते, ती पाहून आपण तोंड वाकडं करतो, कारण पुढच्या हंगामात त्या पट्ट्यात तूर पिवळी पडणार हे माहीत असतं. त्या स्मिथसनच्या दगडांवरचं मीठ मी फोटोत पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा आपल्या गावाची आठवण झाली. फायबरचे उंट पाहून अजून झालेली नाही.

आणि खरं सांगायचं तर आपण वाळवंट नाहीच. वर्षाला २५० मिलिमीटरच्या खाली पाऊस पडतो त्या मुलखाला वाळवंट म्हणतात. आपल्याकडे ७००-८०० पडतो. तो कधी पडतो आणि कसा पडतो हे आपलं दुखणं आहे, पण पडतो. आपली जमीन वाळूची नाही, फूटभर खोल भेगा पडणारी काळी चिकणी आहे. फाट्यावर स्वतःच्या हाताने 'वाळवंट' अशी पाटी लावून आपण कोणाला काय सांगणार आहोत? सोयरीक पाहायला आलेला पाहुणा फाट्यावरूनच गाडी वळवायचा.

आता मूळ मुद्द्यावर येतो, तो पाइपचा आहे.

नॅन्सी होल्ट नावाच्या बाई होत्या, स्मिथसनच्याच पत्नी. स्मिथसन १९७३ मध्ये विमान अपघातात गेले. त्याच सुमारास या बाईंनी त्याच युटाच्या वाळवंटात एक काम सुरू केलं आणि १९७६ मध्ये पूर्ण केलं. नाव 'सन टनेल्स'. काँक्रीटचे चार मोठे पाइप, प्रत्येक १८ फूट लांब, ९ फूट व्यासाचा, जमिनीवर आडवे फुलीच्या आकारात ठेवलेले. एवढंच. पण ते ठेवले कसे? २१ जूनच्या आसपास सूर्य उगवतो आणि मावळतो तो दोन पाइपांच्या बरोबर मधून दिसतो, आणि २१-२२ डिसेंबरच्या आसपास उरलेल्या दोन पाइपांमधून. पाइपांच्या अंगाला सात ते दहा इंची भोकं पाडली आहेत. मकर धरून चार तारकासमूह, प्रत्येक पाइपात एक. तारा जेवढा ठळक तेवढं भोक मोठं. भर दुपारी पाइपात शिरलं की अंधारात उन्हाचे गोल पडलेले असतात आणि ते दिवसभर सरकत राहतात. बाहेर डोळे दिपवणारा उघडा माळ, आत सावली आणि पायाखाली तारे.

आता आपल्या फाट्यावर, बस थांब्याच्या मागे, ई-क्लासच्या (म्हणजे सरकारी गायरान) जमिनीवर जुन्या नळकांडी पुलाच्या कामातले पाच-सहा सिमेंटचे पाइप पडून आहेत. किती वर्षांपासून, ते त्यांच्यातून उगवलेल्या बाभळीला विचारा. १,२०० मिलिमीटरचे आहेत, म्हणजे आतून चार फुटांना बोटभर कमी. लांबी अडीच मीटर. मी टेप लावून पाहिलं, तर लांबी व्यासाच्या दुप्पट, होल्टबाईंच्या पाइपांचं जवळपास तेच प्रमाण. लेकरं त्यातून रोज आरपार होतात. उन्हाळ्यात मेंढरं त्यात बसतात आणि कधीकधी बस चुकलेली माणसंही. शिल्पाचं निम्मं काम असं आधीच झालेलं आहे आणि ते आपण भंगार म्हणून पाहतो आहोत.

लगेच कोणी म्हणेल की मग हीसुद्धा नक्कलच झाली, अमेरिकेतल्या पाइपांची. नाही होत, आणि गंमत तिथेच आहे. करायची म्हटली तरी ती नक्कल करता येत नाही. युटामध्ये ते काम जिथे आहे तिथे २१ जूनचा सूर्य बरोबर पूर्वेपासून सुमारे ३२ अंश उत्तरेकडे उगवतो. आपल्याकडे तो सुमारे २५ अंशच सरकतो. कारण आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ आहोत. त्यांचा नकाशा आणून इथे पाइप ठेवले तर वर्षातून एकदाही सूर्य मधोमध येणार नाही. आपला कोन आपल्यालाच आपल्या ई-क्लासवर उभं राहून, दोरी लावून, खुंट्या ठोकून काढावा लागेल. फायबरच्या उंटाला गावही कळत नाही आणि दिशाही. ट्रकमधून उतरवला की तो जगात कुठेही बसतो.

आणि एक गोष्ट अशी आहे जी युटात होऊच शकत नाही. तिथे सूर्य वर्षभरात एकदाही बरोबर डोक्यावर येत नाही. आपण कर्कवृत्ताच्या खाली, त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो. पहिल्यांदा २३-२४ मेच्या सुमारास आणि दुसऱ्यांदा १९-२० जुलैला, तेव्हा बहुतेक आभाळ भरलेलं असतं. त्या मेच्या दिवशी दुपारी सव्वाबाराच्या थोडं पुढेमागे उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. दोनच दिवसांनी नवतपा, म्हणजे नऊ दिवसांचा कडक उन्हाचा काळ, लागतो. पुढे दोन महिने भर दुपारची सावली दक्षिणेकडे पडते, वर्षभर जिथे पडते त्याच्या उलट्या बाजूला. आयुष्यभर वावरात उभ्या राहिलेल्या किती जणांच्या हे लक्षात आलं असेल? पाइपाच्या बरोबर माथ्यावर एक भोक पाडलं तर त्या दुपारी उन्हाचा गोल बरोबर तळाच्या मध्यरेषेवर उतरेल. आपण खालच्या बाजूला तिथे एक पितळी पट्टी बसवू, ती मी माझ्या पैशाने करून देतो.

बाकीच्या भोकांसाठी तारकासमूह आपले घेऊ. आपल्या गावात म्हातारी माणसं आजही तिकांडं, म्हणजे मृगातले एका ओळीतले तीन तारे, कुठवर आलं ते पाहून रात्र किती उरली ते सांगतात. सप्तर्षीला बाज (खाट) म्हणतात. मृग लागला की कोल्हा वाहन आहे की बेडूक, यावर पेरणीच्या गोष्टी होतात. तिकांड्यासकट मृग, बाज, कृत्तिकांचा पुंजका आणि उन्हाळ्याच्या रात्री दक्षिणेला आडवा पसरतो तो विंचू. चार पाइप, चार आकृत्या. कोणता तारा ठळक आणि कोणता बारीक, हे शाळेतल्या पोरांनी रात्री गच्चीवर झोपून ठरवावं आणि त्यांनीच पाइपावर खडूने खुणा कराव्या.

आता हे उभं कसं करायचं. आपल्याकडे काहीही उभं करताना पहिला शत्रू पाया. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. आपल्या अर्ध्या घरांच्या भिंतींना कोपऱ्यात तिरपी चीर आहे, ती याचीच. पाइप नुसते मातीवर ठेवले तर दोन पावसाळ्यांत कोन बिघडेल आणि सूर्य चुकेल. तेव्हा प्रत्येक पाइपाखाली तीन-चार फूट काळी माती काढून टाकायची, मुरूम भरून, पाणी मारून, दाबून घ्यायचा. वर काँक्रीटचं पाळणं, ज्यात पाइप घट्ट बसेल. पाइप टनांत आहेत, उचलायला हायड्रा क्रेन लागेल. भोकांसाठी कोअर कटर लागेल, हातोडा-छिन्नी लावली तर पाइप फुटेल. आतली सळई मध्ये येईल, तेव्हा बिट जपून चालवावी लागेल आणि उघडी पडलेली सळई लगेच सिमेंटने बंद करावी लागेल, नाहीतर आपल्या खाऱ्या हवा-पाण्यात ती फुगून काँक्रीट उडवते. वरून आता ना माती येणार, ना गाड्या, त्यामुळे भोकं पाडल्याने पाइप कमजोर पडायची भीती नाही. खर्चात मुख्य बाबी एवढ्याच. उंटांच्या पायालासुद्धा हीच काळी माती लागणार आहे, पण एजन्सीच्या अंदाजपत्रकात मुरूम मला दिसला नाही.

एक कागदाचं कामही आहे. ते पाइप नेमके कोणाचे, हे आधी काढावं लागेल. काम संपलं, बिल निघालं, पाइप राहिले. दप्तरात कुठे ना कुठे नोंद असेलच. ग्रामसेवकांनी ती शोधावी. नाहीतर आपण भोकं पाडल्यावर कोणीतरी हक्क सांगायला येईल, त्याआधी कोणी येणार नाही.

ग्रुपवर आलेल्या आक्षेपांपैकी दोन खरे आहेत. साप-विंचू बसतील, हा पहिला. आता बसतातच, कारण पाइप गवतात आणि कचऱ्यात बुडालेले आहेत. उचलून मुरमावर घेतले, दोन्ही तोंडं मोकळी ठेवली, भोवतीचं गवत काढत राहिलो तर बसायला आडोसा राहत नाही. संध्याकाळी त्यात कोण बसेल ते आपल्याला ठाऊक आहे, हा दुसरा. तेही आत्ता बसतातच, आणि नावं घेऊन मला गिऱ्हाईकं गमवायची नाहीत. अंगभर भोकं पडलेल्या पाइपात लपून पिता येत नाही, एवढंच सांगतो.

तिसरा आक्षेप असा की हे पाहायला कोण थांबेल, उंट पाहायला तरी लोकं थांबतीन, हाटेल चालन. थांबतील की नाही, याची हमी मी देणार नाही. पण सेल्फीसाठीच करायचं म्हटलं तरी वाळवंटातलं उदाहरण पाहा. चिलीच्या अटाकामा वाळवंटात, हमरस्त्याच्या कडेला, मारियो इरारासाबाल यांनी १९९२ मध्ये वाळूतून वर आलेला ११ मीटरचा एक हात उभा केला. लोकं मुद्दाम गाडी वळवून तिथे जातात. पण लोकं त्यावर स्वतःची नावंही रंगवतात आणि तो सारखा धुवून घ्यावा लागतो. लास वेगासजवळ उगो रॉन्दिनोने यांनी २०१६ मध्ये भडक रंगांचे मोठमोठे दगड एकावर एक रचले, तेही फोटोसाठी प्रसिद्ध आहेत. वाळवंटाच्या उन्हात त्यांचाही रंग उतरला आणि पुन्हा द्यावा लागला. म्हणजे रंगाच्या जिवावर उभं केलेलं काम तिथेसुद्धा सांभाळावं लागतं. तिथे सांभाळायला पैसे आणि माणसं आहेत. आपल्या ग्रामपंचायतीला बस थांब्याचा पत्रा पालटायला किती दिवस लागले, ते सर्वांना ठाऊक आहे.

उघड्या माळावर दगड मांडायची रीत आपल्याला कोणी परदेशातून शिकवायची गरज नाही, हेही सांगून टाकतो. नागपूरजवळ काटोल रस्त्याला जुनापाणी आहे. तिथे लोहयुगातली, दोन हजार वर्षांहून जुनी शिलावर्तुळं आहेत, तीनशेच्या आसपास. माणसं पुरलेल्या जागांभोवती दगडांचे गोल लावलेले आहेत आणि काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. शिकत असताना आमच्या वर्गाला तिथे नेलं होतं. तिथे पाटी सोडली तर रंगवलेलं काही नव्हतं. विदर्भात मोठ्या उघड्या शिल्पाचा हा सगळ्यात जुना पुरावा असावा, असं मला वाटतं. पुरातत्त्ववाले त्याला शिल्प म्हणणार नाहीत, पण ती त्यांची अडचण.

उंटांबद्दल माझा राग नाही. उंट आपल्याकडे येतातच. दरवर्षी पिकं निघाली की काठेवाडी येतात, मेंढरं, गायी आणि उंटांवर बाजा-भांडी बांधून. वावरात मेंढ्या बसवायला आपणच त्यांना बोलावतो. खत मिळतं, त्यांना चारा मिळतो. लेकरांना उंट दाखवायचा असेल तर तेव्हा दाखवा, तो चालतो, बसतो, थुंकतोही.

तेव्हा माझी विनंती अशी. १ मेच्या सभेत उंटांचा ठराव मंजूर न करता तहकूब ठेवावा. निधी परत जाईल ही भीती दाखवली जाईल. पण सुशोभीकरणात काय करायचं हे बदलायचा अधिकार कोणाला आहे आणि कधीपर्यंत, ते पंचायत समितीकडून लेखी विचारून घ्यावं, तोंडी सांगितलेलं पुरणार नाही. आणि २३ व २४ मेला, दोन्ही दिवस, दुपारी बाराला सदस्यांनी फाट्यावर यावं. मी दुकानातला सहा फुटी पाइप ओळंब्याने सरळ उभा करून ठेवतो. सावली गेली की खाली खूण करू आणि तिथूनच मोजायला सुरुवात करू. २१ जूनला सकाळी सूर्योदयाची दिशा धरायची आहे, तेव्हा आभाळ असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याच्या चार-पाच दिवस आधीपासून रोज उठावं लागेल. सूर्य त्या दिवसांत जागा फारशी बदलत नाही, एखादी सकाळ मोकळी मिळाली तरी काम होईल. शाळेला तेव्हा सुट्टी असेल, पण सरांशी मी बोललो आहे, पोरं घेऊन ते येतील.

कोअर कटर अमरावतीहून भाड्याने आणावा लागेल. हायड्रा बाजूच्या गावच्या जिनिंगवर आहे, मालक एका दिवसासाठी डिझेलच्या खर्चात देतो म्हणाले आहेत. माझी मजुरी नाही. राहिलं कटरचं भाडं, ते ग्रामपंचायतीने द्यायचं की वर्गणी काढायची, तेवढं सभेत ठरवून घ्या.

आपला,
फाट्यावरचा वेल्डिंगवाला

ता. क. : पाइपातून उगवलेली ती बाभळी तोडू नका. पाइप उचलताना आधी बुंध्याभोवतीची माती मोकळी करू, मग पाइप सरकवून काढता येईल. वाकडी आहे, पण फाट्यावर तेवढीच सावली आहे.